स्कॅनर लागत नाही म्हणजे ईसीएम गेला असं नसतं: ट्रकची डेटा लिंक कशी तपासायची

"मिस्तरी, गाडी चालायलीय, पण मीटरचे सगळे काटे पडले."

जालन्याच्या एमआयडीसीतून सळई भरून बीडकडे निघालेल्या एका ट्रेलरच्या ड्रायव्हरचा हा फोन. माझ्याकडे येण्याआधी गाडी दोन ठिकाणी दाखवून झाली होती. एकाने मीटर बदला म्हटलं. दुसऱ्याने स्कॅनर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला, तो जोडला गेला नाही, तेव्हा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेल्याचं सांगून तो मोकळा झाला. मालक बिचारा नव्या ईसीएमची किंमत ऐकून घाबरला होता. दोष शेवटी निघाला एका कपलरमध्ये (वायरी जोडायच्या सॉकेटमध्ये) दोन-तीन मिलिमीटर मागे सरकलेल्या पिनेत. त्या पिनेपर्यंत कसं पोचलो ते पुढे येईलच. आधी हे प्रकरण काय आहे ते बघू.

दोन वायरींवरचा कारभार

पूर्वी ट्रकमध्ये प्रत्येक सेन्सरची वायर आपापल्या काट्यापर्यंत जायची. आता इंजिनचा ईसीएम, ब्रेकचा एबीएस, मीटर, सायलेन्सरवरचे नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साईड मोजणारे), धूर साफ करायला युरिया सोडणारा डोसिंग युनिट, ऑटोमॅटिक गिअर असेल तर त्याचा मॉड्यूल, म्हणजे छोटा कॉम्प्युटर, हे सगळे एकमेकांत गुंडाळलेल्या दोन वायरींवर बोलतात. एक कॅन हाय, दुसरी कॅन लो. हीच ती डेटा लिंक. कॅन ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे आणली. जड गाड्यांसाठी त्यावर जी भाषा बसवली तिला जे १९३९ म्हणतात. धुराचे नियम कडक होत गेले, बीएस ४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस ६ १ एप्रिल २०२० पासून लागू झालं, आणि या दोन वायरींवरची गर्दी वाढत गेली. बीएस ६ गाडीत नुसता नॉक्स सेन्सर बिघडला तरी गाडी ओढ सोडू शकते, आणि तो सेन्सरसुद्धा याच लाईनवर बोलणारा एक मॉड्यूल आहे.

हे गावच्या बैठकीसारखं आहे. एक बोलतो तेव्हा बाकीचे ऐकतात. पण एखादा सारखा मध्येच ओरडत राहिला, तर कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही आणि दोष भलत्याच माणसावर जातो. स्कॅनर हा त्या बैठकीला बाहेरून आलेला पाहुणा. बैठकच मोडली असेल तर त्याला कोण उत्तर देणार?

लाईनच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा एक रेझिस्टर असतो. मोकळ्या टोकावरून सिग्नल उलटा फिरतो, विहिरीत हाक मारल्यावर आवाज घुमतो तसा, आणि तो घुमलेला आवाज पुढच्या बोलण्यात मिसळतो. रेझिस्टर तो तिथेच गिळून टाकतो. काही गाड्यांत तो कपलरसारखा वेगळा दिसतो, काहींत ईसीएमच्या पोटात असतो. हे दोन रेझिस्टर लक्षात ठेवा, अर्धं निदान त्यांच्यावरच होतं.

मल्टिमीटर हातात घेण्याआधी ड्रायव्हरला विचारा

मी पहिली दहा मिनिटं ड्रायव्हरसोबत चहात घालवतो आणि चार गोष्टी विचारतो. गाडी कधी धुतली? शेवटचं कसलं काम केलं? जीपीएस, डिझेल सेन्सर, जादा लाईट, मोठा हॉर्न असं काही नवीन बसवलं का? दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून स्टार्ट मारला का, किंवा चेसिसवर वेल्डिंग केलं का?

आपल्या भागात उत्तर बहुतेक वेळा यातच सापडतं. वॉशिंग सेंटरवाला प्रेशरचं पाणी थेट कपलरवर मारतो. काळ्या मातीचा चिखल लूमवर (वायरींच्या जुडग्यावर) बसून वाळतो आणि क्लिपा तोडतो. साखर कारखान्याच्या यार्डात किंवा मोंढ्यात गाडी आठवडाभर उभी राहिली की उंदीर कॅबिनखाली शिरतात. आणि जीपीएस बसवणारी पोरं डायग्नोस्टिक पोर्टच्या (स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या) मागे वायर सोलून, पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळून निघून जातात. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत या टेपेखालचे दोष मी सगळ्यात जास्त बघितलेत.

पहिली पायरी: गप्प एकच आहे की सगळे?

स्कॅनर जोडा. तो कोणाशीच बोलत नसेल तर आधी तोच स्कॅनर दुसऱ्या चालू गाडीवर लावून बघा. हसू नका. अडाप्टरची वाकलेली पिन सापडायला मला एकदा अर्धा दिवस लागलाय. लाईनचा वेग सेकंदाला २५० किलोबिट आहे की ५००, हेही स्कॅनरमध्ये बरोबर निवडलेलं हवं.

सगळे मॉड्यूल दिसतात आणि एकच गायब आहे, असं असेल तर मुख्य लाईन बहुतेक ठीक आहे. त्या एकट्याची पॉवर, अर्थ आणि त्याच्याकडे जाणारी फांदी बघा. ईसीएम म्हणतो एबीएस दिसत नाही, मीटर म्हणतो एबीएस दिसत नाही, म्हणजे बघायचं एबीएसकडे. तक्रार करणाऱ्याला बदलू नका. ज्याच्याबद्दल सगळे तक्रार करतात त्याच्याकडे जा.

कोड वाचताना एसपीएन (तक्रार कशाबद्दल आहे तो नंबर) ६३९ दिसला तर तो जे १९३९ लाईनबद्दलच आहे. त्याच्याबरोबरचा एफएमआय (बिघाड कसला आहे तो नंबर) ९ असेल तर माहिती वेळेवर येत नाही, २ असेल तर ती अधूनमधून तुटते किंवा बेभरवशाची आहे, १९ असेल तर आलेली माहितीच चुकीची आहे. ओबीडी पद्धतीच्या (कारला वापरतात तशा) स्कॅनरवर यू० १०० म्हणजे इंजिन ईसीएमशी संपर्क तुटला, यू० १२१ म्हणजे एबीएसशी. हे कोड फक्त दिशा दाखवतात. कोणता पार्ट बदलायचा ते सांगत नाहीत.

इंजिन चालू असताना काटे कसे पडतात, असं ड्रायव्हर हमखास विचारतात. बहुतेक गाड्यांत ॲक्सिलरेटर पेडलच्या वायरी थेट ईसीएमला जातात, त्यासाठी कॅन लागत नाही. म्हणून इंजिन पळतं, पण आरपीएम आणि टेंपरेचर मीटरपर्यंत पोचत नाही.

दुसरी पायरी: पॉवर आणि अर्थ, तेही लोडवर

नऊ पिनी गोल पोर्ट असेल तर ए वर अर्थ, बी वर बॅटरी, सी वर कॅन हाय, डी वर कॅन लो. सोळा पिनी चपट्या पोर्टवर बहुतेक करून ४ आणि ५ अर्थ, १६ बॅटरी, ६ हाय, १४ लो. कंपनीप्रमाणे फरक पडतो, म्हणून वायरिंग डायग्राम जवळ ठेवा.

पोर्टवर २४ व्होल्ट दिसले म्हणून खूश होऊ नका. एकाच तारेच्या धाग्यावर लटकलेली वायरसुद्धा मल्टिमीटरला पूर्ण व्होल्ट दाखवते. ईसीएमचा कपलर काढून त्याच्या पॉवर आणि अर्थ पिनेवर इंडिकेटरचा २४ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब लावा. तो जवळपास एक ॲम्पियर ओढतो. बल्ब जळत असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून ईसीएमच्या अर्थ पिनेपर्यंत व्होल्ट मोजा. ०.२ पेक्षा जास्त आले तर अर्थ सैल आहे किंवा गंजलाय. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून पॉवर पिनेपर्यंतही तसंच मोजा. बल्बची वायर पिनेत कोंबून पिन ढिली करू नका, त्याच मापाची जादा पिन वापरा.

आता एक कळकळीचं सांगणं. हा बल्ब फक्त पॉवर आणि अर्थसाठी. कॅनच्या वायरींना टेस्टिंग लॅम्प कधीही लावायचा नाही. त्या वायरींवर अडीच व्होल्टच्या आसपासचा नाजूक खेळ असतो, लॅम्प लावला की चांगल्या मॉड्यूलचंही भलं होत नाही.

तिसरी पायरी: साठ ओहम

चावी बंद करा. बीएस ६ गाडीत लगेच कटऑफ (बॅटरीचा मेन स्विच) ओढू नका. युरियाचा पंप चावी बंद झाल्यावरही पाईपमधला युरिया मागे खेचत असतो, त्याला दोन-तीन मिनिटं द्या. मग कटऑफ बंद करून बॅटरीचं निगेटिव्ह काढा. मॉड्यूल जागे असताना मोजलेला ओहम खोटा असतो.

मल्टिमीटर ओहमवर ठेवून हाय आणि लो यांच्यामध्ये मोजा. १२० चे दोन रेझिस्टर समांतर, म्हणून ६० यायला हवेत. पाच-सहा ओहम इकडेतिकडे चालतात.

१२० आले तर एक रेझिस्टर गायब आहे किंवा त्याच्याकडे जाणारी एक वायर तुटली आहे. ४० आले तर कोणीतरी तिसरा रेझिस्टर घुसवलाय, बहुधा बाहेरून बसवलेल्या एखाद्या डब्यात. शून्याजवळ आले तर हाय आणि लो एकमेकांना चिकटल्यात. काहीच आलं नाही, मीटरवर ओएल दिसलं, तर पोर्टकडे येणारी फांदीच तुटली असेल. बीएस ६ च्या काही गाड्यांत पोर्ट आणि इंजिनची लाईन यांच्यामध्ये गेटवे (दोन लाईनींना जोडणारा मधला मॉड्यूल) बसवलेला असतो. तिथे पोर्टवर मोजून इंजिनच्या लाईनबद्दल काही कळत नाही, तेव्हा इंजिनच्या बाजूच्या कपलरवरच मोजा.

१२० आल्यावर पुढे काय, इथे बरेच जण अडतात. सोपी युक्ती आहे. हाताशी असलेला रेझिस्टर काढा आणि पुन्हा मोजा. मीटर १२० वरून ओएल झाला, तर आत्तापर्यंत मीटरला हाच दिसत होता, म्हणजे तुटलंय पलीकडच्या टोकाकडे. मीटर १२० वरच राहिला, तर मीटरला पलीकडचा दिसतोय आणि हाताशी असलेला रेझिस्टर किंवा त्याची वायर मेलेली आहे. एका कपलरमध्ये अर्धी गाडी तपासून होते.

साठ आले म्हणजे सगळं ठीक, असंही समजू नका. दोन्ही वायरी शाबूत असून त्यातली एक चेसिसला टेकलेली असू शकते. म्हणून हाय आणि चेसिस, लो आणि चेसिस असंही मोजा. हजारो ओहम दिसायला हवेत. दोन-चार ओहम दिसले तर वायर कुठेतरी पत्र्याला घासून सोललीय.

चौथी पायरी: व्होल्ट

बॅटरी जोडा, चावी चालू करा. चेसिसपासून हाय मोजा, मग लो. लाईन गप्प असताना दोन्ही अडीच व्होल्टवर असतात. कोणी बोललं की हाय साडेतीनकडे जातो, लो दीडकडे उतरतो, पण हे इतक्या वेगाने होतं की मल्टिमीटर सरासरीच दाखवतो. चांगल्या गाडीत हाय २.६ ते २.८ आणि लो २.२ ते २.४ च्या आसपास दिसतो आणि दोघांची बेरीज पाचच्या जवळ येते. मी बेरीजच आधी बघतो.

दोन्हीकडे हुबेहूब एकच आकडा आला तर वायरी चिकटल्यात किंवा कोणीच बोलत नाही. एखादी शून्यावर असेल तर ती चेसिसला टेकलीय. पाचच्या बऱ्याच वर गेली तर पॉवरच्या वायरीला लागलीय, आणि अशा वेळी चावी लगेच बंद करा.

पाचवी पायरी: एकेक करून वेगळं काढा

ओहम बरोबर, पॉवर-अर्थ बरोबर, तरी व्होल्ट विचित्र, तर कोणीतरी मध्येच ओरडतोय. आधी बाहेरून बसवलेलं सगळं काढा: जीपीएस, डिझेल सेन्सर. मग सायलेन्सरकडचे नॉक्स सेन्सर, मग बाकीचे. प्रत्येक वेळी चावी बंद करा, एक कपलर काढा, चावी चालू करा, व्होल्ट बघा. ज्याच्या पोटात रेझिस्टर आहे तो काढला की लाईन १२० वर जाणार, हे ध्यानात ठेवा.

इथे माझा स्वतःचा एक फटका सांगतो. एका टिप्परचा नॉक्स सेन्सर काढला आणि लाईन लगेच जागी झाली. मी सेन्सर बाद ठरवला, मालकाने महागडा नवा आणला. आठ दिवसांत गाडी पुन्हा दारात. सेन्सर चांगलाच होता. सायलेन्सरजवळ लूम उष्णतेने वितळून दोन वायरी एकमेकींना चिकटत होत्या, आणि कपलर काढताना मी लूम ओढला तेव्हा त्या सुटल्या होत्या. तेव्हापासून माझा नियम एकच: काढल्यावर दोष गेला, तर परत लावून तो आला पाहिजे. आला नाही, तर अजून काही सापडलेलं नाही. नव्या सेन्सरचे पैसे मी मालकाकडून घेतले नाहीत, ते माझ्याच खिशातून गेले.

सहावी पायरी: हलवून बघा

अधूनमधून येणारा दोष उभ्या गाडीत सापडत नाही. खड्डा आला, कॅबिन हलली की येतो. परत त्या सळईच्या ट्रेलरकडे येतो.

गाडी आली तेव्हा काटे चालू होते. चावी बंद, निगेटिव्ह काढलेलं, पोर्टवर ६०.४ ओहम. मी मल्टिमीटर सीटवर ठेवला, पोराला त्याच्यावर नजर ठेवायला बसवलं आणि कॅबिनखाली जाऊन लूम वीत-वीत हलवत गेलो. पुढच्या बिजागरीजवळ काही नाही. स्टिअरिंगच्या खाली काही नाही. कॅबिन आणि चेसिसमधल्या मोठ्या कपलरला हात लावला आणि पोरगं ओरडलं, "मामा, ११९!" हात सोडला, पुन्हा ६०. कपलर तसाच दाबून धरायला सांगितला आणि कॅबिनमधल्या मीटरमागचा रेझिस्टर काढला. ओएल. म्हणजे कॅबिनकडचा रेझिस्टर दिसत होता आणि इंजिनकडचा तुटत होता. म्हणूनच दुसऱ्या गॅरेजात कॅबिनमधला स्कॅनर ईसीएमपर्यंत पोचला नव्हता.

कपलर उघडला. हिरव्या वायरीची पिन बाकीच्या पिनांपेक्षा मागे सरकलेली, आणि बाजूची पिवळी लॉकपट्टी अर्धवट उघडी. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, महिनाभरापूर्वी क्लच प्लेट टाकली. गिअरबॉक्स उतरवायला कोणीतरी कपलर सोडला आणि लावताना लॉकपट्टी दाबायची राहिली. पिन मागून पुढे ढकलून जागेवर बसवली, पट्टी टकदिशी बसली. खर्च शून्य.

सैल पिना नजरेला दिसत नाहीत. त्याच मापाची एक नवी पिन घेऊन प्रत्येक भोकात हलकेच घालून काढा. जिथे पकड जाणवत नाही ती पिन बदला. सुईने किंवा जाड प्रोबने भोकं मोठी करू नका, आणि वायरीच्या सालात सुई टोचू नका. त्या टोचलेल्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि दिवाळीपर्यंत आतली तार हिरवी पडते.

ऑसिलोस्कोप (व्होल्टचा चढउतार चित्रात दाखवणारं यंत्र) असेल तर काम सोपं होतं. हाय वर जातो तेव्हा लो तितकाच खाली, आरशात बघितल्यासारखं चित्र दिसायला हवं. एकच बाजू हलत असेल तर दुसरी कुठेतरी अडकलीय. पण आपल्याकडच्या बहुतेक दोषांना साधा मल्टिमीटर पुरतो.

दुरुस्ती

वायर जोडताना पीळ मोडू नका. तोच पीळ बाहेरचा गोंधळ खाऊन टाकतो. हाय आणि लोचे जोड एकाच जागी न ठेवता थोडे पुढेमागे करा. टोक दाबून बसवायची नळी आणि वरून गोंदवाली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) वापरा. कथलाचा डाग दिलेली वायर कडक होते आणि चेसिसच्या थरथरीने डागाच्या कडेला तुटते, म्हणून मी टाळतो. नुसती टेप तर नकोच. लूम स्टार्टरच्या जाड केबलपासून आणि सायलेन्सरपासून लांब बांधा. नवीन फांदी काढायची वेळ आलीच तर ती एक मीटरच्या आत ठेवा.

चेसिसवर वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह आणि ईसीएमचे कपलर दोन्ही काढा, वेल्डिंगची अर्थ क्लिप वेल्डच्या अगदी जवळ लावा.

गाडी सोडण्याआधी

कोड पुसा, चावी बंद-चालू करा, पुन्हा वाचा. पुन्हा ओहम मोजा, कारण दुरुस्तीतच दुसरी पिन मागे ढकलली जाते, हे मी स्वतः केलंय. मग गाडी चालवून बघा, जमलं तर भरलेली. रिकाम्या ट्रेलरची चेसिस आणि पंचवीस टन सळई भरलेल्या ट्रेलरची चेसिस एकसारखी मुरडत नाहीत. त्या ट्रेलरला मी अंबडच्या रस्त्यावर पंधरा किलोमीटर नेलं, खड्डे मुद्दाम चुकवले नाहीत, आणि स्कॅनर जोडलेलाच ठेवला. ६३९ आला नाही. ड्रायव्हर म्हणाला, "आता सोडा मिस्तरी, माल उद्या सकाळी खाली करायचाय."